मोडीची कार्यशाळा की इतिहासाचं व्याख्यान?

एमएला मराठ्यांचा इतिहास घेतलेल्यांनी आधी कशाला वेळ द्यावा? माझं मत: आधी मोडी, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेत ती.

व्याख्यानाचं मोल मी नाकारत नाही. पेशवाईतली महसूलव्यवस्था तासाभरात जाणकाराकडून ऐकली, की विषयाचा आवाका कळतो, कुठले वाद अजून मिटलेले नाहीत तेही कळतं. प्रबंधाचा विषय ठरत नसेल तर व्याख्यानाला जरूर जावं आणि नंतर थांबून प्रश्न विचारावेत. खरी चर्चा बहुतेकदा तेव्हाच रंगते.

कार्यशाळेत मात्र कागद तुमच्या हातात येतो. ओळभर शिरोरेघ आधी ओढलेली, तिला लगडलेली अक्षरं, शब्दांमध्ये जागा नाही. पहिल्या दिवशी एक ओळ लागायलाही बराच वेळ जातो. मग तारीख! ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, पुढे हिजरी महिना आणि वर्ष मात्र सुहूर, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली सौर वर्षगणना. ते मृगाला सुरू होतं; म्हणून सुहूर 1161 म्हणजे 1760-61, पानिपतचं साल. इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून 600. एकदा हातानं केलं की विसरत नाही.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातले 45 खंड संपादित केले, तरी तो निवडकच भाग. बाकीचं वाचायला मोडी हवीच. सरावासाठी गावाकडचे जुने खरेदीखतांचे कागदही चालतील, पण रोज अर्धा तास बसा.