अननस-आंबा-नारळ ओट्स कुकी मिक्स: पीठ उत्तम, फळं मात्र बदलून घ्या

पाकीट फोडल्याबरोबर खोबऱ्याचा वास आला आणि तो खरोखरच्या खोबऱ्याचा होता, इसेन्सचा नव्हता. तिथेच माझं मत या मिक्सच्या बाजूने झुकलं. ओट्सच्या कुकीजमध्ये अननस-आंब्याची चव आणायची तर ताजं फळ चालत नाही. ताज्या अननसात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तो चिरून पिठात घातला की कुकी पसरट, ओलसर होते आणि दुसऱ्या दिवशी चिकट. त्यामुळे सगळी मदार सुकवलेल्या फळावर येते आणि ते कसं सुकवलंय यावर कुकीचं भवितव्य ठरतं. हे मिक्स बरंचसं जमलंय आणि फसलंय तेही नेमकं या फळांपाशीच.

आधी ओट्सबद्दल, कारण ते मला मनापासून आवडले. रोल्ड ओट्स आहेत, म्हणजे दाणे वाफवून चपटे केलेले, जाडसर आणि अख्खे. झटपट शिजणारे बारीक ओट्स वापरले की त्यांचा पिठात लगदा होतो, तर स्टील-कट ओट्स, म्हणजे दाण्याचे नुसते कापलेले तुकडे, दहा-बारा मिनिटांच्या भाजण्यात शिजतच नाहीत, दाताखाली खड्यासारखे येतात. इथे ओट नीट चावावा लागतो आणि चावताना त्याची स्वतःची, किंचित दाण्यासारखी गोडी लागते. पांढऱ्या साखरेपेक्षा ब्राऊन शुगर जास्त घातली आहे, हाही शहाणपणा. तिच्यातली मळी ओलावा धरून ठेवते, म्हणून कुकीचा मधला भाग मऊ राहतो. शिवाय मळी थोडी आम्लधर्मी असल्याने बेकिंग सोड्याला काम करायला आधार मिळतो. आणि मीठ! गोड पदार्थाच्या तयार मिक्समध्ये मीठ सहसा हात आखडूनच घालतात. इथे ते पुरेसं आहे, त्यामुळे खोबऱ्याची चव मिळमिळीत लागत नाही.

आता फळं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे ती वाचली की बरंच कळतं. या यादीत ‘अननस’ असं लिहून पुढे कंसात अननस, साखर, सायट्रिक आम्ल आणि सल्फर डायऑक्साइड दिलंय. म्हणजे तो पाकात मुरवून सुकवलेला अननस आहे. दिसायला पिवळाधमक, चौकोनी, काचेसारखा चमकणारा, पण चावला की आधी साखर लागते, मग आणखी साखर आणि अगदी शेवटी अननसाची पुसटशी आठवण. ज्यासाठी अननस घालायचा तो आंबटपणाच गेलेला. बटर, ब्राऊन शुगर आणि खोबरं या तिन्ही जड, गोडसर चवींना कापणारं काहीतरी लागतं. अननसाने ते काम केलं नाही तर दुसऱ्या कुकीपर्यंत तोंड गोडाने भरून जातं. शिवाय या तुकड्यांवरची साखर ट्रेवर वितळून करपते आणि कुकीच्या कडेला कडवट काळे ठिपके उमटतात.

आंबा त्या मानाने बरा आहे. साखर कमी, रंग थोडा काळपट, चामट, पण चवीला आंबाच. तुकडे मोठे आहेत, ते कात्रीने बारीक करून घ्यावेत. मोठा तुकडा कुकीतून बाहेर डोकावला की ओव्हनमध्ये कडक होतो.

मी काय करते ते सांगते. मिक्समधला अननस वेचून बाजूला काढते आणि त्याच्या जागी बिनसाखरेचा, नुसता वाळवलेला अननस घालते. तो कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून, फडक्यावर अगदी कोरडा टिपून, मगच चिरायचा. भिजवायचं मुद्दाम, कारण कोरडं फळ पिठातला ओलावा ओढून घेतं आणि कुकी भुसभुशीत होते. बरोबर एका हिरव्या लिंबाची साल किसून घालते, फक्त वरची हिरवी, पांढरी नाही. सालीतलं तेल मोकळं व्हावं म्हणून ती बोटांनी चमचाभर साखरेत चोळायची. या दोन बदलांनी कुकीचा नूर पालटतो. आधी नुसती गोड असलेली कुकी आता तोंडात आंबट, खमंग, खारट अशी वळणं घेते. खोबऱ्याचा कीस भाजून घातला तर आणखी छान. १६० अंशांवर पाच-सहा मिनिटं पुरतात, मात्र ट्रेवरून नजर हटवायची नाही.

पाकिटावरच्या सूचना थोड्या सुधारायला हव्यात. ४०० ग्रॅम मिक्सला ११५ ग्रॅम बटर आणि एक अंडं हे प्रमाण अचूक आहे. बटरऐवजी खोबरेल तेल चालेल असंही म्हटलंय. चवीला ते शोभतं, पण खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं आणि कुकी ट्रेभर पसरते. निम्मं बटर, निम्मं तेल घ्यावं. पीठ मळून लगेच भाजा असं लिहिलंय, ते तर मुळीच ऐकू नये. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं की ओट्स पाणी पितात, बटर घट्ट होतं आणि कुकी उंच, जाडसर उतरते. १८० अंशांवर १४ मिनिटंही जास्त होतात. १७५ वर ११ मिनिटांनी कडा सोनेरी होतात आणि मधला भाग अजून कच्चा वाटतो, तेव्हाच बाहेर काढावं. गरम ट्रेवर पाच मिनिटांत मधला भाग आपोआप बसतो. एका पाकिटात मध्यम आकाराच्या १८ कुकीज होतात.

केळ्याचे वेफर्स वेगळ्या पुडीत दिलेत, पिठात कालवायला. ताज्या कुकीत ते कुरकुरीत लागतात, पण डब्यात रात्र गेली की ओलावा पिऊन चिवट होतात. म्हणून ते आत न घालता जाडसर चुरून भाजण्याआधी वरून दाबते. ज्या दिवशी कुकीज पाहुण्यांपुढे जाणार असतील त्याच दिवशी, एरवी घालतच नाही.

मिक्स मी पुन्हा घेईन, ओट्स आणि मोजमापासाठी. ज्यांच्या घरी रोल्ड ओट्स, ब्राऊन शुगर आणि वजनकाटा आहे, त्यांना पाकिटाची गरज नाही. त्यांनी तेच पैसे चांगल्या बिनसाखरेच्या अननसावर घालावेत. बनवणाऱ्यांकडे मागणं एकच: साखरेत घोळवलेले ते चौकोनी तुकडे काढा आणि त्याच्या निम्मा का होईना, आंबट अननस घाला.