लारवुड की व्हेरिटी?

दोन महायुद्धांच्या मधला इंग्लंडचा गोलंदाज म्हटलं की आधी हॅरोल्ड लारवुडच आठवतो. नॉटिंगहॅमशायरचा, चौदाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला, उंचीने बेताचा. पण वेग असा की फलंदाजांच्या उरात धडकी भरायची. 1932-33 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर, फलंदाजाच्या अंगावर वेगवान चेंडू टाकण्याच्या डावपेचामुळे गाजलेल्या बॉडीलाइन मालिकेत, त्याने 33 बळी घेतले. कर्णधार जार्डिनने सांगितलं तशी गोलंदाजी केली, आणि नंतर त्याबद्दल माफी मागायला सांगितलं तेव्हा ठाम नकार दिला. सिडनीच्या शेवटच्या कसोटीत 98 धावाही काढल्या. त्यानंतर इंग्लंडने त्याला पुन्हा कधीच खेळवलं नाही. 21 कसोटी, 78 बळी. हा अन्याय मला आजही खुपतो.

यॉर्कशायरचा हेडली व्हेरिटी त्याच दौऱ्यावर होता. डावखुरा, संथ, अचूक. 1932 मध्ये लीड्सला नॉटिंगहॅमशायरविरुद्ध 19.4 षटकं, 16 निर्धाव, 10 धावांत 10 बळी! त्या दहांत शून्यावर बाद झालेला लारवुडही होता. ऑस्ट्रेलियाचा महान फलंदाज ब्रॅडमन याला कसोटीत आठदा बाद करणारा हाच. 1933 च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली, तिथेही तो खेळला. 40 कसोटींत 144 बळी.

दहशत हवी तर लारवुड. पण पाटा खेळपट्टीवर दिवसभर चेंडू कुणाच्या हाती द्यायचा, असं विचाराल तर मी व्हेरिटीचंच नाव घेईन.

लारवुड पुढे ऑस्ट्रेलियातच स्थायिक झाला, नव्वदी गाठली. व्हेरिटी 1943 मध्ये सिसिलीच्या लढाईत जखमी होऊन इटलीत वारला, अवघ्या 38 व्या वर्षी.