जुनं जग्वार रिअर सस्पेन्शन कोब्रा किटकारला: एक हिवाळा आणि एक उन्हाळा चालवल्यावर

सरळ सांगतो, जग्वार एक्सजेएस मधून काढलेलं जुनं रिअर सस्पेन्शन माझ्या कोब्रा रेप्लिकाला (जुन्या एसी कोब्रा स्पोर्ट्सकारची किटमधून बांधलेली नक्कल) लावलंय, हिवाळा गेला, उन्हाळाही संपत आला, आणि डिफरन्शियलने (म्हणजे डिफ, इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरचा डबा) एकदाही दगा दिला नाही. त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंनी मात्र पिडलं. डिफची चौकशी सगळेच करतात, पण पैसे आणि शनिवार खाल्ले ते सील, हँडब्रेक आणि यूजे क्रॉसनी (डिफपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचे, म्हणजे हाफशाफ्टचे, वाकणारे सांधे).

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी, इथे इंग्लंडमध्ये कोब्रा टाइप किट बांधणारे बरेच जण मागचा भाग जग्वारचाच घेतात. हे डिझाइन १९६१ ला ई-टाइप आणि मार्क टेन मध्ये आलं, मग एक्सजे६, एक्सजेएस असं करत तीसेक वर्षं थोड्याफार बदलांनी चाललं, त्यामुळे भंगारात अजूनही सापडतं. मधे सॅलिसबरीचं डिफ, त्याला चिकटून दोन्ही बाजूला डिस्क ब्रेक, खाली विशबोन (चाक धरून ठेवणारा आडवा हात), प्रत्येक बाजूला दोन असे चार शॉकअप, आणि हे सगळं एका पत्र्याच्या पिंजऱ्यात. गंमत म्हणजे वरचा विशबोनच नाही, ते काम हाफशाफ्ट करतो. म्हणजे यूजे क्रॉस झिजला की नुसता कट्कट् आवाज नाही, चाकाचा कॅम्बर (उभा तिरकेपणा) पण हलतो. म्हणून डिफ कितीही चांगलं वाटलं तरी आधी हाफशाफ्ट हाताने वर खाली हलवून बघा.

घरी फोनवर हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "अरे जग्वार आता टाटांचीच ना, मग नवीन मागव की." २००८ ला टाटांनी जग्वार घेतली हे खरंय बाबा, पण त्याच्या कितीतरी आधी हे डिझाइन गाड्यांमधून गेलं होतं, नवीन कुठून मागवू!

मी सुटं डिफ न घेता अख्खा पिंजरा घेतला आणि हाच सल्ला देईन. सुटं डिफ स्वस्त दिसतं पण मग हब, हाफशाफ्ट, कॅलिपर, विशबोनची पिन एकेक करून गोळा करत बसा, आणि प्रत्येक विकणारा सांगणार की ही त्याच मॉडेलची आहे. आणि ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर! एक्सजे आणि एक्सजेएसचा मागचा ट्रॅक साधारण साडेअठ्ठावन्न इंच, जुन्या ई-टाइपचा ५०, तेव्हा तुमच्या बॉडीच्या मडगार्डखाली काय मावतंय ते आधी मोजा. माझ्या किटला एक्सजेएसची रुंदी तशीच चालते, काहींना हाफशाफ्ट आणि विशबोन दोन्ही कापून छोटे करून घ्यावे लागतात, ते काम भारी जातं. शिवाय साधारण १९९३ पासूनच्या एक्सजेएसला ब्रेक चाकात गेले, तो सेटअप वेगळा, जाहिरातीत नुसतं "एक्सजेएस रिअर" लिहिलं असेल तर फोटो मागवाच.

रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेरीला पिनियनच्या (डिफमध्ये ताकद आणणाऱ्या छोट्या गिअरच्या) किती फेऱ्या, हा खरा विषय. विकणारा ठामपणे सांगत होता २.८८ आहे, कारण गाडी व्ही१२ (बारा सिलिंडरची) होती. १९८१ नंतरच्या व्ही१२ एचई ला २.८८ असायचा हे बरोबर, पण त्या आधीच्यांना ३.०७, आणि एक्सजे६ मध्ये वर्ष आणि इंजिनाप्रमाणे ३.०७, ३.३१, ३.५४ असं काहीही मिळतं. मागच्या कव्हरच्या बोल्टखाली एक छोटी पट्टी असते, त्यावर दातांची संख्या. ४६ आणि १६ म्हणजे २.८८, ४३ आणि १४ म्हणजे ३.०७, ४३ आणि १३ म्हणजे ३.३१, ४६ आणि १३ म्हणजे ३.५४. माझ्यावर ४३-१४ होतं. पण पट्टी कुणी कधीही बदललेली असू शकते, म्हणून फिरवून मोजा, पाच मिनिटांचं काम आहे. एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफ, एकच चाक मोकळं घसरू न देणारं) असेल तर एक बाजू फिरवल्यावर दुसरी पण त्याच दिशेने येते, मग एका फेरीला पिनियनच्या किती फेऱ्या होतात ते बघायचं. साधं डिफ असेल तर दुसरी बाजू उलटी फिरते, तेव्हा एक बाजू घट्ट धरून दुसरी दोन पूर्ण फेऱ्या फिरवायची आणि पिनियन मोजायचा, तोच रेशो. ही दोन फेऱ्यांची गोष्ट लोक विसरतात आणि मग दीड रेशोचं डिफ सापडलं म्हणून गोंधळतात.

माझं इंजिन रोव्हर व्ही८, गिअरबॉक्स एलटी७७, पाचव्या गिअरचा रेशो ०.७९ च्या आसपास. चाकाचा घेर दोन मीटर धरला तर ३.०७ ला सत्तर मैलांवर साधारण २३०० आरपीएम येतात, ३.५४ ला २६०० च्या वर जातात. लांबच्या रस्त्याला ३.०७ छान, इंजिन निवांत. गावातल्या वळणांवर पाचवा टाकताच येत नाही, तिसऱ्या-चौथ्यातच खेळायचं, पण गाडी हलकी आणि व्ही८ ला खालून ताकद आहे त्यामुळे मला काही कमी वाटत नाही. रेसट्रॅकवर नेणारे ३.५४ शोधतात, शोधू देत.

आता सील. ब्रेक डिफला चिकटून असल्याने त्यांची उष्णता थेट आउटपुटच्या ऑइल सीलला बसते, सील कडक होतं, तेल डिस्कवर येतं, मग ब्रेक गेला. पावणेदोन टनाच्या एक्सजेएसने वर्षानुवर्षं भाजलेली सील तुम्ही विकत घेताय. मी डिफ गाडीला लावायच्या आधीच आउटपुटची सील आणि बेअरिंग, पिनियनचं सील सगळं नवीन टाकून घेतलं. बाकवर ठेवून हे काम सरळ आहे, गाडीखाली झोपून करायचं म्हटलं तर आधी कॅलिपर, मग डिस्क, मग पुढचं, आणि डिफ धरून ठेवणाऱ्या बोल्टांना लॉकवायर. जुनं तेल काढलं तेव्हा करड्या रंगाचा बारीक चिखल होता, तो चालतो, चमकणारे कण दिसले असते तर परत दिलं असतं. नवीन तेल दीड लिटरच्या आसपास लागतं, आणि एलएसडी असेल तर एलएसडीचंच तेल, साधं ९० नंबर घातलं की वळताना मागून गुरगुर आणि झटके.

हँडब्रेकबद्दल काय बोलू. त्याचे वेगळे छोटे कॅलिपर मोठ्या कॅलिपरच्या वर बसतात आणि आपोआप ऍडजस्ट होणारी यंत्रणा गंजून गप्प होते. आयव्हीए टेस्टला (बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची इथली सरकारी तपासणी) हँडब्रेक रोलरवर बघतात, तिथे नखरे चालत नाहीत. सगळं खोलून साफ केलं, नवीन पॅड, नवीन केबल, पास झालो, पण अजूनही चढावर उभं राहायचं तर मी गिअरमध्ये ठेवतो.

माझ्या किटमध्ये पिंजरा फेकून डिफ सरळ चॅसीला बोल्ट करतात. जग्वारने तो पिंजरा रबरी माउंटवर लटकवला होता तो आवाज आत येऊ नये म्हणून, ते रबर गेलं की पन्नास-साठ मैलांवर ऍक्सिलरेटर सोडल्यावर बारीक हूं ऐकू येतो. ऐकून घाबरलो होतो, परत तेल काढून बघितलं, बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली मोकळीक) मापला, सगळं ठीक. एक्झॉस्ट दारासमोरच असल्याने बायकोला तो आवाज ऐकूच येत नाही म्हणे. स्प्रिंग मात्र जग्वारच्या ठेवू नका, एवढ्या हलक्या गाडीला त्या दगड वाटतात, मी मऊ घेतल्या आणि गाडी माणसात आली.

कागदांचं पण बघा. विकणाऱ्याकडून डोनर गाडीचा चॅसी नंबर आणि सहीची पावती घ्या, डीव्हीएलएला (इथलं गाड्या नोंदवणारं सरकारी खातं) पार्ट कुठून आले ते दाखवायला पावत्या लागतात. माझ्यावाल्याने पावतीवर नुसतं "जॅग पार्ट" लिहून दिलं होतं, दुसरी लिहून घेईपर्यंत मी पैसे हातात धरून उभा होतो. सध्या कव्हरच्या गास्केटवर थोडा ओलसरपणा दिसतोय, थेंब पडत नाही, हिवाळ्यात गाडी उभी राहील तेव्हा बघू.