वसुलीला निघालेली मिरियेम

पतपेढीत अकरा वर्षं वसुली केल्यामुळे असेल, पण नाओमी नोविक यांच्या ‘स्पिनिंग सिल्व्हर’ (2018) या इंग्रजी कादंबरीतली मिरियेम मला पहिल्या पानापासून आपली वाटली. सावकाराची मुलगी. बाप इतका भिडस्त की दिलेले पैसे मागायला त्याची जीभ रेटत नाही. घरात आई आजारी. शेवटी ऐन थंडीत हीच दारोदार जाते आणि येणं वसूल करते. घर ज्यू असल्यामुळे गावाच्या मनात आधीच अढी आहे, आता तर लोक तिला दगडाच्या काळजाची म्हणतात. उंबऱ्यावर उभं राहून हे ऐकणं काय असतं, ते मला माहीत आहे.

बापाचं कर्ज फेडायला तिच्याकडे कामाला येणारी वांडा मला सगळ्यांत आवडली. ती तुटक, साधं बोलते. मिरियेम तिला हिशेब शिकवते तेव्हा वहीतले आकडे तिला चक्क जादू वाटतात! दारुड्या बापाच्या घरात तिला हे कोण दाखवणार होतं?

तिसरी इरिना. ती शब्द मोजून बोलते आणि झारच्या महालात डोकं शांत ठेवून जगते. या तिघी ‘मी’ म्हणूनच बोलतात, तरी दोन ओळींत कळतं कोण बोलतंय. पुढे निवेदक वाढतात, सहापर्यंत जातात. इरिनाच्या दाईचा भाग मला लांबला असं वाटलं. वांडाचा धाकटा भाऊ स्तेपोन मात्र हवाच होता.

इंग्रजी फार अवघड नाही. पहिली पन्नास पानं सावकाश वाचा, मग पुस्तक हातातून सुटत नाही.