संस्थेच्या सोशल मीडियासाठी गूगल शीट, दीड वर्ष वापरून लिहितेय

आमची रक्तदानाचं काम करणारी छोटी संस्था आहे, सगळे स्वयंसेवक, नोकरी कॉलेज सांभाळून येणारे, आणि फेसबुक इन्स्टा एक्स यूट्यूब हे सगळं मिळून आम्ही चार जण बघतो. कुठल्या दिवशी काय टाकायचं, कोण लिहिणार, कोण तपासणार हे सगळं गेलं दीड वर्ष आम्ही एका गूगल शीटवर, म्हणजे सगळ्यांना मिळून भरता येणाऱ्या ऑनलाइन तक्त्यावर, चालवतोय. पोस्ट शेड्यूल करायला, म्हणजे आधीच वेळ लावून ठेवायला, फेसबुक-इन्स्टासाठी मेटा बिझनेस सूट, तेही फुकटच आहे, बाकीच्यांचं त्या त्या साइटवर जाऊन. पण रिव्ह्यू मी शीटचाच लिहितेय कारण खरं काम तिथे होतं.

त्याआधी आम्ही एक पैसे भरून घ्यायचं टूल वापरत होतो, नाव नाही लिहीत. दिसायला सुंदर, कॅलेंडर ओढून इकडचं तिकडे करता यायचं, आणि त्यात एक सोय होती की जी पोस्ट चांगली चालली ती काही दिवसांनी आपोआप पुन्हा टाकायची. आम्ही ती सोय चालूच ठेवली होती. एका पेशंटसाठी ओ निगेटिव्ह हवंय अशी आमची पोस्ट खूप शेअर झाली, रक्त मिळालं, सगळे खूश, आणि तीन आठवड्यांनी तीच पोस्ट पुन्हा गेली. घरच्यांना परत फोन सुरू झाले. त्या घरात तोपर्यंत काय झालं असेल याचा विचारही त्या फोन करणाऱ्यांनी करायची गरज नव्हती, ते बिचारे मदतच करत होते. मला त्या रात्री झोप आली नाही. त्यानंतर मला एवढंच कळलं की आमच्यासारख्या संस्थेला पोस्ट कधी जाणार हे सांगणारी सोय हवी तशीच पोस्ट कधी संपणार हे सांगणारी पण हवी, आणि ती त्या टूलमध्ये नव्हती.

शीटमध्ये तो कॉलम आम्ही स्वतः बनवला. नाव साधं, 'कधी संपते'. तातडीच्या आवाहनाला तारीख टाकल्याशिवाय पोस्ट करायचीच नाही. तारीख उलटली की ती ओळ लाल होते, हे कंडिशनल फॉरमॅटिंगने (अट लागू झाली की आपोआप रंग बदलणारी शीटमधली सोय) करता येतं, एकदा नियम लावला की परत हात लावावा लागत नाही. ओळ लाल दिसली की त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याने पोस्ट काढायची किंवा वरती 'गरज पूर्ण झाली आहे' असं लिहायचं आणि शेजारच्या चौकोनात टिक करायची. याच्याच बाजूला अजून एक कॉलम आहे, 'तारीख फोटोवर आहे का'. कारण लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त फोटो पुढे पाठवतात, खालचं लिखाण मागेच राहतं, आणि आपण मूळ पोस्ट काढली तरी तो फोटो फिरतच राहतो. तारीख फोटोतच मोठ्या अक्षरात असेल तर निदान वाचणाऱ्याला कळतं की हे जुनं आहे. घरच्यांचा नंबर तर आता आम्ही फोटोवर टाकतच नाही, संस्थेचाच टाकतो.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे वर्ष एका नजरेत दिसतं. पहिल्यांदा मागच्या सगळ्या पोस्ट शीटमध्ये भरल्या तेव्हा जूनमध्ये नुसती गर्दी. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन, कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस, ज्यांनी रक्तगट शोधले, २००४ पासून हा दिवस पाळतात आणि आम्ही त्या आठवड्यात रोज दोन दोन पोस्ट टाकत होतो. आणि पुढचे महिने रिकामे! आता बघा, प्लेटलेट्स साधारण ५ दिवस टिकतात, लाल पेशी नीट ठेवल्या तर ४२ दिवसांपर्यंत. म्हणजे जूनच्या त्या आठवड्यात कितीही लोक आले तरी ते रक्त ऑगस्टला पुरणारच नाही. आमचा संदेशच 'वर्षभर द्या' असा आणि आमचं पेज मात्र एक आठवडा बोलणार, हे शीटमध्ये रिकाम्या ओळी दिसेपर्यंत आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आता आम्ही सुट्ट्यांचे महिने आधी भरतो, कारण लोक बाहेर जातात आणि रक्तदाते तेव्हाच कमी होतात, जून सगळ्यात शेवटी.

रोजच्या वापरात मला सर्वात आवडलेली सोय म्हणजे कमेंट. मजकुराच्या चौकोनावर कमेंट करून एखाद्याला टॅग करून काम सोपवता येतं, त्याला मेल जातो, झालं की तो 'पूर्ण' करतो. आमच्यातले डॉक्टर काका वैद्यकीय गोष्टी तपासतात, त्यांना ग्रुपवर शंभर मेसेजमधून शोधावं लागायचं की नक्की काय बघायचंय, आता सरळ त्या वाक्यावर जाऊन लिहितात. पोस्ट कुठवर आलीय ते निवडायचा ड्रॉपडाउन ठेवलाय, कल्पना, लिहिलं, तपासलं, शेड्यूल केलं, गेलं. 'तपासलं' झाल्याशिवाय पुढे न्यायचं नाही. कुणी चुकून काही पुसलं तर व्हर्जन हिस्टरीतून जुनं परत आणता येतं, आम्ही दोनदा आणलंय. आणि फिल्टर, म्हणजे हव्या तेवढ्याच ओळी दाखवणारी सोय, वापरत असाल तर फिल्टर व्ह्यू नक्की शिकून घ्या, साधा फिल्टर लावला की सगळ्यांच्याच स्क्रीनवर ओळी गायब होतात आणि मग 'माझ्या पोस्ट कुठे गेल्या' अशी पळापळ होते, फिल्टर व्ह्यूमध्ये आपण लावलेला फिल्टर बाकीच्यांच्या स्क्रीनवर लागत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास. अक्षरं मोजायचा फॉर्म्युला लावून ठेवा. एक्सवर साध्या अकाउंटला २८० ची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना मात्रा हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, 'रक्तदान' आपल्या डोळ्यांना चार अक्षरं दिसतात पण मोजली जातात सात. शीटचा फॉर्म्युला पण सातच दाखवतो त्यामुळे तिथेच कळतं की मजकूर बसणार की नाही. इन्स्टाला २,२०० आहे, तिथे सहसा अडचण येत नाही.

फोटोंसाठी शीट बरी नाही. फोटो गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये आणि शीटमध्ये फक्त लिंक, हेच चांगलं. आणि लिंकशेजारी परवानगीचा कॉलम ठेवाच, फोटोत ज्यांचा चेहरा आहे त्यांना विचारलंय का, कोणी विचारलं. रक्त देणारा माणूस आनंदाने हो म्हणतो पण रक्त घेणाऱ्याचा फोटो ही वेगळी गोष्ट आहे, तिथे आम्ही लेखी घेतल्याशिवाय टाकतच नाही.

आता काय नाही ते पण सांगते. शीट स्वतःहून काही पोस्ट करत नाही, मजकूर उचलून दुसरीकडे टाकायला लागतो, त्यात वेळ जातो आणि कॉपी करताना ओळ चुकू शकते, म्हणून शेड्यूल करणाऱ्याने एकदा वाचायचंच. लाइक, रीच (पोस्ट किती जणांपर्यंत पोचली) वगैरे आकडे हाताने भरावे लागतात, आम्ही महिन्यातून एकदाच भरतो. मोबाइलवर वीस कॉलमची शीट बघणं अवघड आहे, आम्ही महत्त्वाचे पाच कॉलम डावीकडे आणून ठेवलेत आणि बाकीचं लॅपटॉपवर. दिवसाला दहा-पंधरा पोस्ट जात असतील, पगारी टीम असेल तर तुम्ही चांगलं टूलच घ्या, शीटमध्ये दमाल. आमच्या आठवड्याच्या चार-पाच पोस्टना हे भरपूर आहे. माझ्याकडून पाचपैकी चार.

सुरू करणार असाल तर एक काम पहिल्याच दिवशी करा, शीट संस्थेच्या मेल अकाउंटवरून बनवा, कुणाच्या खाजगी अकाउंटवरून नको. आमची पहिली शीट एका मुलीच्या अकाउंटवर होती, ती शिकायला बाहेर गेली, अकाउंट कॉलेजचं होतं ते बंद झालं आणि सहा महिन्यांचं काम त्याच्यासोबत गेलं. फेसबुक पेजचा पूर्ण अ‍ॅक्सेस पण असाच किमान दोघांकडे ठेवा, आणि त्या दोघांची नावं शीटच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा म्हणजे रात्री अकराला एखादी पोस्ट काढायची वेळ आली तर कुणाला फोन करायचा ते नवीन आलेल्यालाही कळेल.