'डिस्ट्रक्शन'ला मराठीत काय म्हणावं: विनाश, विध्वंस, संहार की पडझड?

इंग्रजी मजकुरात 'डिस्ट्रक्शन' आला की भाषांतर करणाऱ्याचा हात आपोआप 'विनाश'कडे जातो. मीही बरीच वर्षं तेच केलं. अतिवृष्टीवरच्या एका अहवालात 'घरांचा व पिकांचा विनाश' असं लिहून मोकळा झालो होतो. त्या भागातल्या एका वयस्कर शेतकऱ्याला मसुदा वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "विनाश कुणाचा झालाय? माझी भिंत पडलीय, आन् सोयाबीन सडलंय." तेव्हापासून हा शब्द समोर आला की मी आधी एकच विचारतो: नेमकं काय गेलं, आणि ते कुणी घालवलं?

इंग्रजी शब्दाला याची गरज पडत नाही. लॅटिनमध्ये 'स्ट्रुएरे' म्हणजे रचणं, एकावर एक ठेवणं. 'स्ट्रक्चर' आणि 'कन्स्ट्रक्शन' त्यातूनच आले. 'डिस्ट्रक्शन' म्हणजे ती रचना मोडणं. मग घर असो, जंगल असो, पुरावा असो की माणसं, शब्द एकच. मराठीत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे.

घरांपासून बघू. पंचनाम्यात तलाठी 'विनाश' लिहीत नाही, 'अंशतः पडझड' किंवा 'पूर्णतः पडझड' लिहितो, आणि मदत किती मिळणार हे त्या एका शब्दावर ठरतं. पिकासाठी 'नुकसान' आणि 'बाधित क्षेत्र'. अहवाल असेल तर हेच शब्द घ्या, कारण वाचणाऱ्याच्या हातातल्या कागदावर तेच असतात. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने जे झालं त्याला मात्र पडझड म्हणता येणार नाही. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. तिथे 'गावं उद्ध्वस्त झाली', 'घरं जमीनदोस्त झाली' असंच लिहावं लागतं. (उत् आणि ध्वस्त मिळून 'उद्ध्वस्त' होतो, 'उध्वस्त' असा छापलेला दिसतो तो चूक.) याउलट नोएडातले जुळे टॉवर 28 ऑगस्ट 2022 रोजी स्फोटकं लावून पाडले. ढिगारा आणि धूळ तिथेही होती, पण ते ठरवून केलेलं 'पाडकाम'. इंग्रजीतही त्याला 'डेमॉलिशन' हा वेगळा शब्द आहे, आणि मराठीत हे अंतर पुसलं जाऊ नये.

'डिव्हास्टेशन' असेल तर माझा आवडता शब्द 'बेचिराख'. पुष्कळांना त्यात 'राख' दिसते, म्हणून तो फक्त आगीसाठी राखून ठेवला जातो. मूळ फारसी शब्द मात्र बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही अशी जागा. महसुली दप्तरात वस्ती उठून गेलेल्या गावाला आजही 'बेचिराग' म्हणतात. तिथे काही जळालेलं असतंच असं नाही. 'डिव्हास्टेशन'च्या मुळाशीही लॅटिन 'व्हास्टस' आहे, म्हणजे ओसाड, रिकामं. दोन्ही शब्द मोडलेल्या भिंतींपेक्षा निघून गेलेल्या माणसांबद्दल जास्त बोलतात, म्हणून ही जोडी मला इतकी पक्की वाटते. माणसं विखुरली, संसार चार दिशांना गेला असं सांगायचं असेल, तर मात्र 'वाताहत' घ्या. वाऱ्याचा तडाखा बसलेलं, हा त्याचा अर्थ.

खरी अडचण 'विध्वंस' की 'संहार' इथे येते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा अगदी पहिला ठराव 24 जानेवारी 1946चा. त्यात अणुबॉम्बसोबत 'मास डिस्ट्रक्शन' करू शकणाऱ्या सगळ्या शस्त्रांचा उल्लेख आहे. याला 'महाविध्वंसक अस्त्रं' म्हणावं का? विध्वंस वास्तूंचा, मूर्तींचा, शहरांचा होतो. विषारी वायू भिंतीला ओरखडासुद्धा काढत नाही, माणसं मारतो. म्हणून मी 'सामूहिक संहाराची अस्त्रं' असंच लिहितो. संहार सजीवांचाच होतो. शिवाय त्या शब्दात आवरून घेणं, गोळा करणं हा जुना अर्थ आहे. 'उपसंहार' त्याच घरातला.

अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचे प्रमुख ओपेनहायमर यांनी 1945च्या अणुचाचणीची आठवण सांगताना गीतेतली ओळ इंग्रजीत म्हटली, जगांचा 'डिस्ट्रॉयर' अशी. संस्कृतात तिथे 'लोकक्षयकृत्' आहे. क्षय म्हणजे झिजत, कमी होत संपणं. त्याच जागी ज्ञानेश्वरांनी मात्र 'लोक संहारावयालागीं' असं म्हटलं. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी याच शब्दापाशी थांबून एका मराठी माणसाने 'क्षय' बाजूला ठेवला आणि 'संहार' घेतला. असा दाखला हाताशी असताना तिथे 'विनाशक' लिहायला मन धजत नाही. 'क्षय' मात्र ओझोनच्या थरासाठी अगदी बरोबर बसतो.

मग 'विनाश' कुठे? जिथे कुणाचा हात दिसत नाही आणि मागे काही उरत नाही, तिथे. अर्थशास्त्रज्ञ शुम्पेटर यांनी 1942मध्ये रूढ केलेली 'क्रिएटिव्ह डिस्ट्रक्शन' ही कल्पना, म्हणजे नवे धंदे येतात तसे जुने संपत जाणं, 'सर्जक विनाश' म्हणून मराठीत नीट येते. 'विध्वंस'ला कुणीतरी घण घेतलेला लागतो. टाइपरायटरच्या धंद्यावर घण कुणी घातला नाही. लेख सर्वसाधारण वाचकासाठी असेल, तर पारिभाषिक संज्ञा एकदा देऊन पुढे सरळ 'जुने धंदे मोडीत निघतात' असं लिहा. जंगलाच्या बाबतीत तोड झाली असेल तर तोडच म्हणावं. 'अधिवासाचा विनाश' लिहिलं की कुऱ्हाड कुणाची होती ते झाकलं जातं.

कीड, डास, तण यांचा नायनाट. रोगाचं निर्मूलन. शाळेत घुसून बाकं मोडली तर नासधूस. पुरावा नष्ट करतात. जप्त केलेल्या अमली पदार्थांची विल्हेवाट लावतात.

उरली ती सरकारी कागदपत्रं. 'डिस्ट्रक्शन ऑफ रेकॉर्ड्स'ला आपल्या कार्यालयांत 'अभिलेखांचे नाशन' म्हणतात, आणि त्याआधीच्या पायरीला 'निंदणीकरण'. निंदणी म्हणजे खुरपं घेऊन पिकातलं तण काढणं. मुदत संपलेल्या फायली बाजूला काढायच्या, कायम ठेवायच्या त्या जपायच्या. मंत्रालयाच्या परिभाषेत हा शेतातला शब्द पहिल्यांदा भेटला, तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून तो वहीत उतरवून घेतला.