टोमॅटोचा करपा: लवकरचा की उशिराचा?

मोहोळहून मेव्हण्याचा फोन आला. पानांवर काळे डाग पडलेत आणि दुकानदार महागडं औषध गळ्यात मारतोय. मी म्हटलं, आधी पान उलटं करून बघ.

लवकर येणारा करपा (अल्टरनेरिया बुरशीचा) जमिनीलगतच्या जुन्या पानांपासून वर चढतो. तपकिरी डागात एकात एक वलयं, नेमबाजीच्या फळीसारखी, आणि भोवती पिवळी कडा. आपल्या सोलापुरी उन्हात, रात्री दव पडलं की हाच जास्त. चाल मात्र संथ.

उशिरा येणाऱ्या करप्याला (फायटोप्थोरा) वलयं नसतात. डाग पाणी शिंपडल्यासारखे, वेडेवाकडे, कुठल्याही पानावर. दमट सकाळी पानाखाली पांढरी बुरशी दिसली की शंका संपली. थंड, ढगाळ, भिजऱ्या हवेत चार-सहा दिवसांत प्लॉट उभा जळतो. नावावर जाऊ नका, 'उशिरा'चा कोवळ्या रोपांवरही येतो.

खर्चाचं म्हणाल, तर वलयं असतील त्याने खालची पानं खुडून जाळावीत आणि साधं मँकोझेब बुरशीनाशक, १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम, फवारावं. पांढरी बुरशी दिसली त्याने मात्र पैशाकडे बघू नये: सायमोक्झॅनिल-मँकोझेबसारखं मिश्र औषध, तेही त्याच दिवशी.

मेव्हण्याच्या पानावर वलयं निघाली.